गोऱ्या पलटणींची ‘ब्लायटी’ आणि आपली विलायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. लष्करी इंग्रजीत शिरलेल्या आपल्या शब्दांचा नाद मला तिथेच लागला. त्यावर लिहायला, बोलायला लागल्यापासून सगळ्यात जास्त पत्रं येतात ती ‘ब्लायटी’ या एका शब्दावर. विचारणारे वेगवेगळे, पण प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीला दोन प्रश्न भिडतात तिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. ‘ब्लायटी’ म्हणजे नक्की काय?

ब्रिटन. त्यातही बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा इंग्लंड. हिंदुस्थानात तैनात असलेल्या गोऱ्या शिपायांनी आपल्या देशाला ठेवलेलं हे टोपणनाव आहे. ते सरकारी नाव नव्हतं. बराकीत, पत्रात, गाण्यात आलं आणि पहिल्या महायुद्धात घराघरात पोचलं. आजही दुबईत किंवा सिडनीत राहणारा इंग्रज सुट्टीला घरी निघाला की ‘ब्लायटीला चाललोय’ म्हणतो. शब्द जरा जुन्या वळणाचा आहे, आपल्याकडे कोणी ‘मुलखाला चाललो’ म्हणावं तसा.

२. हा शब्द खरंच आपल्या ‘विलायत’वरून आला आहे का?

हो, आणि यात कोशकारांचं एकमत आहे. मूळ अरबी शब्द ‘विलाया’, म्हणजे प्रांत, सुभा, एखाद्याच्या अमलाखालचा मुलूख. फारसीतून तो उर्दू-हिंदीत आला आणि तिथून मराठीतही रुळला. हिंदुस्थानात त्याचा अर्थ सरकत सरकत ‘दूरचा मुलूख’, मग ‘युरोप’ आणि शेवटी ‘इंग्लंड’ असा झाला. ‘विलायती’ हे त्याचं विशेषण. उत्तरेत आणि बंगालकडे ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून तिकडे ‘बिलायती’. गोऱ्यांच्या कानावर पडलं ते हे ‘बिलायती’.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘बिलायत’ची नोंद आहे, आणि ‘बिलायती पानी’चीही. हे बिलायती पानी म्हणजे सोडावॉटर.

३. ‘बिलायती’चं ‘ब्लायटी’ कसं झालं? उच्चार फार लांबचे वाटतात.

भरभर म्हणून पाहा. बि-ला-य-ती. जोर ‘ला’वर येतो. इंग्रज माणूस बिनजोराचा स्वर गिळतो, म्हणून ‘बि’मधली इकार गेली आणि ‘ब्ला’ उरलं. ‘य’मधला अकार आपणही नीट उच्चारत नाही, म्हणून ‘लाय’ झालं. आपला दंत्य ‘त’ इंग्रजाच्या जिभेला जमत नाही, त्याचा ‘ट’ होतो. झालं ‘ब्लायटी’. मग लिहिताना ‘नाइट’, ‘लाइट’ या ओळखीच्या शब्दांचं स्पेलिंग त्याला चिकटलं आणि शब्द जन्माने इंग्रज असल्यासारखा दिसू लागला.

आपणही हेच केलं. ‘सोल्जर’चा सोजीर केला, ‘लॉर्ड’चा लाटसाहेब केला.

४. पण विलायत म्हणजे आपल्यासाठी परका मुलूख. त्याचा अर्थ ‘घर’ कसा झाला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण या शब्दाची सगळी गंमत इथेच आहे.

छावणीतला दिवस डोळ्यांसमोर आणा. गोऱ्या शिपायाच्या अवतीभवती धोबी, न्हावी, भिश्ती, खानसामा, बाजारातले दुकानदार. त्यांच्या तोंडी सतत विलायत. साहेबाची डाक विलायतेहून आली. हा साबण विलायती. साहेब विलायतेला कधी जाणार? बोलणाऱ्याच्या मनात अर्थ आहे ‘सातासमुद्रापलीकडचा परका देश’. ऐकणाऱ्याला मात्र एवढंच कळतंय की मी जिथून आलो आणि मला जिथे परत जायचंय, त्या जागेला ही माणसं असं म्हणतात. त्याने शब्द उचलला तो त्या जागेचं नाव म्हणून. त्यातलं परकेपण त्याला ऐकूच आलं नाही. ते ऐकू येण्याइतकी भाषा त्याच्याकडे नव्हती आणि गरजही नव्हती. ‘विलायती’ हे विशेषण आहे, देशाचं नाव नाही, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडे याच्या अगदी जवळचं उदाहरण आहे. ‘देश’ हा शब्द घ्या. अर्थ सर्वसाधारण, कुठलाही मुलूख. पण कोकणातला माणूस ‘देशावर गेलाय’ म्हणतो तेव्हा घाटावरचा ठरावीक मुलूखच त्याच्या मनात असतो. सर्वसाधारण शब्द बोलणाऱ्यांच्या वापरातून एका जागेचं नाव होतो. विलायतचंही तसंच झालं, फरक इतकाच की इथे बोलणारा आणि ऐकणारा समुद्राच्या दोन काठांवरचे होते.

आणखी एक गोष्ट. ‘विलायत’ला ‘आपलं घर’ हा अर्थ देणारे इंग्रज पहिले नव्हेत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ नोंदवतो की अफगाण लोक स्वतःच्या देशाला अनेकदा विलायत म्हणत. म्हणजे या शब्दाला दोन्ही बाजू पहिल्यापासून होत्या. आपल्याला त्याची एकच बाजू माहीत होती.

५. विलायती चिंच तर इंग्लंडमध्ये उगवतही नाही. मग ती विलायती कशी?

‘विलायती’ म्हणजे ‘इंग्लंडचं’ असा अर्थ पक्का होण्याआधी आणि नंतरही, ‘बाहेरून आलेलं’ एवढाच अर्थ शाबूत राहिला म्हणून. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपिन्सला नेलं आणि पुढे ते इकडे आलं. इंग्रजीत तिला मनिलाची चिंच म्हणतात.

आमच्या शाळेच्या कुंपणाला ही झाडं होती. वेटोळं घातलेल्या शेंगा पिकल्या की गुलाबी व्हायच्या, शिवणीवर उकलायच्या आणि आतला पांढरा गर दिसायचा. बीवरचं काळं साल नखाने काढायचं, पण आतल्या तपकिरी सालाला ओरखडाही पडू द्यायचा नाही, असा आमचा खेळ होता. मधल्या सुट्टीत पाचसहा जणी माना खाली घालून हेच करत बसायच्या. ‘विलायती’ म्हणजे काय हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही कधी पडला नाही.

हिंदीतली विलायती बाभूळ आणि बंगालीत टोमॅटोला म्हणतात ते ‘बिलाती बेगून’, म्हणजे विलायती वांगं, हे याच रांगेतले.

६. ‘ब्लायटी’ पहिल्यांदा कोणी म्हटलं?

एका माणसाचं नाव सांगता येत नाही, आणि बराकीतल्या शब्दांचं बहुधा असंच असतं. तो आधी बराच काळ तोंडी चालतो आणि छापला जातो तेव्हा जुना झालेला असतो. हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींमध्ये रुजला, आणि भरभरून छापला गेला तो १९१४ ते १९१८ या काळात. कारण पुढच्या उत्तरात आहे.

७. हिंदुस्थानातल्या छावणीतला शब्द फ्रान्समधल्या खंदकात कसा पोचला?

माणसांबरोबर. १८७०च्या दशकात ब्रिटिश पायदळाची अशी घडी बसवली गेली की रेजिमेंटची एक बटालियन मायदेशी असे आणि दुसरी परदेशी. ‘परदेशी’ म्हणजे फार वेळा हिंदुस्थान. १९१४ साली इथे सुमारे ७५,००० गोरे सैनिक होते. वर्षानुवर्षं इथे काढल्याने त्यांच्या बोलण्यात हिंदुस्थानी शब्द भरले होते.

युद्ध पेटल्यावर यातल्या बहुतेक पलटणी युरोपात बोलावल्या गेल्या आणि त्यांच्या जागी इंग्लंडमधून टेरिटोरियल, म्हणजे राखीव स्वरूपाच्या, पलटणी इकडे आल्या. त्याच वेळी युद्धमंत्री लॉर्ड किचनरच्या हाकेला ओ देऊन लाखो तरुण भरती होत होते. कारकून, गिरणीकामगार, खाणकामगार. त्यांना कवायत शिकवायला जुने, मुरलेले हवालदार लागले आणि ते हिंदुस्थानात राहून आलेले. नव्या पोराला त्यांनी रायफल कशी धरायची ते शिकवलं, आणि बरोबर त्यांची बोलीही दिली. ज्या पोराने मँचेस्टरबाहेर पाऊल टाकलं नव्हतं तो वर्षभरात फ्लँडर्सच्या चिखलात उभा राहून ‘ब्लायटी’ म्हणू लागला. विलायत हा शब्द त्याने ऐकलाही नव्हता.

८. ‘ब्लायटी वून्ड’ हा काय प्रकार आहे? जखम कोणाला हवीशी वाटेल?

खंदकात वाटायची. जीव जाणार नाही, जन्माचं फार अपंगत्व येणार नाही, पण फ्रान्समधल्या इस्पितळात बरी होण्याइतकी किरकोळही नाही, अशी जखम झाली की माणसाला इंग्लंडला पाठवावं लागे. दंडातून किंवा मांडीच्या मांसातून आरपार गेलेली गोळी, मोडलेलं हाड, गेलेली एकदोन बोटं. तिला म्हणत ‘ब्लायटी’. ‘त्याला ब्लायटी मिळाली’ असं म्हणताना सोबत्यांच्या आवाजात हेवा असे, आणि ते त्याचं अभिनंदनही करत.

आता हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडे समोर ठेवा. १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मृत, जखमी, बेपत्ता किंवा कैद झाले. त्यात १९,२४० मृत. एका दिवसात. ज्याने हे पाहिलं त्याच्या दृष्टीने खांद्यातून गेलेली स्वच्छ गोळी ही सुटकेची चिठ्ठी होती.

जखमी माणसाचा प्रवास ठरलेला असे. खंदकामागच्या पहिल्या पट्टीच्या जागी मलमपट्टी, मग स्ट्रेचरवरून किंवा गाडीतून मागच्या तळावर, तिथे गणवेशाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर डॉक्टर काय लिहितो याकडे जीव लागलेला. रूआं, एताप्ल किंवा बूलोनच्या मोठ्या इस्पितळात ठेवायचं की जहाजावर चढवायचं, हे त्या चार शब्दांवर ठरे. जहाजानंतर डोव्हर किंवा साउथॅम्प्टन आणि तिथून रेल्वे. इंग्लंडच्या रस्त्यांवर निळा सूट आणि लाल टाय घातलेले बरे होणारे सैनिक दिसत, ते यातलेच.

काहींनी ही जखम स्वतःच्या हाताने करून घेतली. तो गुन्हा होता. कोर्ट मार्शल होई आणि तुरुंगवासाची शिक्षा मिळे. त्या पोरांना भेकड म्हणणं मला कधी जमलं नाही.

इतर सैन्यांतही ही कल्पना होती. जर्मनांचा ‘हाइमाटशुस’, म्हणजे घरी नेणारी गोळी. फ्रेंचांची ‘बॉन ब्लेस्यूर’, चांगली जखम. अमेरिकनांनी पुढे तिला दहा लाख डॉलरची जखम म्हटलं. पण तिच्या नावात हिंदुस्थानी शब्द फक्त इंग्रजांचा.

९. साम्राज्यातल्या सगळ्या सैनिकांसाठी ‘ब्लायटी’ म्हणजे घरच होतं का?

नाही. इथे तो अर्थ चांगलाच डळमळतो.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाचे सैनिकही ‘ब्लायटी’ म्हणत, पण त्यांच्यासाठी ती इंग्लंडच राहिली. ‘ब्लायटी’ मिळालेला ऑस्ट्रेलियन पोरगा लंडनजवळच्या इस्पितळात पोचे, मेलबर्नला नाही. बरा झाला की पुन्हा फ्रान्स.

हिंदी सैनिकांची गोष्ट आणखी वेगळी. १९१४च्या सप्टेंबरअखेर त्यांची पहिली तुकडी मार्सेयला उतरली. लाहोर आणि मीरत या पायदळाच्या दोन डिव्हिजन वर्षभराहून जास्त काळ पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, लढल्या. त्यांच्या जखमींसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्पितळं उघडली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधलं. घुमटमिनारांचा तो राजवाडा, झुंबरांखाली ओळीने खाटा, हिंदू-मुसलमान-शिखांसाठी वेगळी स्वयंपाकघरं. त्याची छायाचित्रं काढून प्रचारासाठी वाटली गेली.

त्या खाटेवरचा शिपाईही घरी लिहिताना ‘विलायतेत आहे’ असंच लिहिणार. शेजारच्या गावच्या इस्पितळात पडलेला टॉमी, म्हणजे गोरा शिपाई (प्रश्न १४), म्हणणार ‘ब्लायटीत आहे’. शब्द एक, आणि दोघांचे अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे. टॉमी घरी पोचला होता. आपला माणूस घरापासून जितका लांब जाता येईल तितका लांब होता. बरे झालेल्यांना पुन्हा आघाडीवर पाठवतात ही हिंदी सैनिकांच्या पत्रांतली मोठी खंत होती. ही पत्रं सेन्सॉर होत, त्यांचे उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले जात, आणि त्यामुळेच ती आज आपल्याला वाचायला मिळतात. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी गाण्यांच्या आधी ती पत्रं वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

१०. मराठा पलटणींचा या शब्दाशी काही संबंध येतो का?

‘ब्लायटी’शी थेट नाही, पण ‘विलायत’शी येतो, तोही अनपेक्षित रीतीने. मराठा पलटणींचा मोठा भाग पश्चिम आघाडीऐवजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढला. तिथे तुर्की साम्राज्याचे प्रांत होते आणि प्रांताला तुर्कीत शब्द होता ‘विलायेत’. बसरा विलायेत, बगदाद विलायेत, मोसुल विलायेत. प्रश्न २ मध्ये सांगितलेला मूळ अरबी अर्थ तिथे सरकारदरबारी चालू होता.

डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तिथल्या कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, शरणागती झाली आणि वाचलेले कैदेत गेले. ११७व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. सातारा-रत्नागिरीकडची ही माणसं बगदादच्या विलायेतेत उपाशी लढत होती, त्याच सुमारास लंडनमध्ये ‘ब्लायटी’ची गाणी लिहिली जात होती.

११. गाणी, मासिकं, टीव्ही यांत हा शब्द कसा गेला?

सगळ्यात मोठा धक्का एका गाण्याने दिला. ‘टेक मी बॅक टु डिअर ओल्ड ब्लायटी’, साल १९१६, रचना ए. जे. मिल्स, फ्रेड गॉडफ्री आणि बेनेट स्कॉट या तिघांची. म्युझिक हॉल म्हणजे त्या काळची लोकांची करमणूक, आपल्या तमाशाच्या बारीसारखी भरगच्च आणि प्रेक्षकांनी साथ देण्याची. फ्लॉरी फोर्ड या गायिकेने ते गाजवलं. लंडनच्या गाडीत बसवा आणि बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टर, कुठेही उतरवा, अशी त्यात विनवणी आहे. चाल उडती, आणि ‘ब्लायटी’ला जुळणारे यमकाचे निरर्थक बोल. सुट्टीवर आलेल्या सैनिकाने ते ऐकलं, आघाडीवर नेलं, आणि त्याच्या आईबहिणीलाही हा शब्द तोंडपाठ झाला. बराकीतला शब्द स्वयंपाकघरात गेला तो असा.

त्याच १९१६ साली सैनिकांसाठी ‘ब्लायटी’ नावाचं मासिकही निघालं. १९३९ साली दुसऱ्या महायुद्धाबरोबर ते नाव पुन्हा बाहेर आलं. कवितेतही शब्द गेला, पण तिथे उडती चाल नव्हती. विल्फ्रेड ओवेनच्या ‘द डेड-बीट’मध्ये खचून पडलेल्या सैनिकाबद्दल कोणीतरी म्हणतं, त्याला बहुधा ब्लायटी दिसत असेल. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला, युद्ध थांबायच्या एक आठवडा आधी.

पुढची साखळी मला फार आवडते. १९६२ सालच्या ‘द एल-शेप्ड रूम’ या चित्रपटात सिसली कोर्टनीज या अभिनेत्रीने ते जुनं गाणं म्हटलं. १९८६ साली ‘द स्मिथ्स’ या मँचेस्टरच्या बँडने आपल्या ‘द क्वीन इज डेड’ या गाण्याची सुरुवात त्या चित्रपटातल्या त्याच तुकड्याने केली. सत्तर वर्षांनी एका रॉक बँडच्या रेकॉर्डवर आपली विलायत! २००९ ते २०१३ या काळात ‘ब्लायटी’ नावाचं एक टीव्ही चॅनेलही ब्रिटनमध्ये होतं.

१२. इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ म्हणतात ते आमच्या देवळालीवरून, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि देवळालीकर म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, कधी हसत तर कधी रागाने.

देवळालीची लष्करी छावणी १८६१ सालची. मुंबई बंदराला रेल्वेने जोडलेली, म्हणून हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सैनिक जहाजाची वाट पाहायला इथे ठेवले जात. पण सैनिकांची जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च याच काळात सुटत. ज्याची मुदत मार्चनंतर संपली त्याला पावसाळा काढून महिनोन्महिने थांबावं लागे. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ सालच्या आपल्या आठवणींत हे लिहिलं आहे. हातात काम नाही, कवायत नाही, ब्लायटी डोळ्यांसमोर आणि जहाज नाही. चांगली शिस्तीची माणसंही इथे विचित्र वागू लागत. कोणी मारामारी करून कोठडीत जाई, कोणी आजार ओढवून घेई.

पूर्ण शब्दप्रयोग होता ‘डूलाली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे ताप. आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो, ते इथे जवळजवळ शब्दशः बसतं. पुढे ‘टॅप’ गळाला आणि नुसतं ‘डूलाली’ उरलं. आज इंग्लंडमध्ये ‘ती पार डूलाली झाली’ म्हणणाऱ्या बहुतेकांना नाशिकजवळ असं गाव आहे याची कल्पना नसते. १९७४ ते १९८१ चाललेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या बीबीसी मालिकेची गोष्ट देवळालीच्या छावणीतच सुरू होते. हिंदी माणसांचं त्यातलं चित्रण आज बघवत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

रागावून लिहिणाऱ्यांना एकच सांगते. देवळालीची हवा इतकी चांगली की लोक आजारपणानंतर मुद्दाम इथे येऊन राहत. त्यासाठी बांधलेली जुनी सॅनेटोरियम कॅम्पात आजही आहेत. त्या सैनिकांना वेड लावलं ते वाट पाहण्याने.

१३. गोरे गेले तेव्हा हा शब्द इथून गेला का?

‘ब्लायटी’ आपल्या बोलण्यात कधी आलाच नव्हता. आपल्याकडे मूळचा होता आणि त्याला वेगळीच धार आली होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात टिळकांच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी झाली. विद्यार्थी पुढे होते आणि त्याबद्दल सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहातून काढलं गेलं. पुण्याच्या गोऱ्या छावणीत जो शब्द आठवणीने म्हटला जात होता, त्याच शब्दाचे कपडे गावात जळत होते.

ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून चालत जाऊन बोटीत बसली. तिच्याबरोबर ‘ब्लायटी’ म्हणणारा शेवटचा माणूसही गेला. ‘विलायत’ आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत टिकली. आता लंडनला जाणारी भाची ‘यूकेला चालले’ म्हणते.

१४. सैनिकालाच ‘टॉमी’ का म्हणतात?

‘टॉमस अ‍ॅटकिन्स’ हे ब्रिटिश युद्धखात्याने नमुना फॉर्मवर भरलेलं नाव, १८१५ सालापासूनचं. आपल्याकडे ‘अमुक तमुक’ लिहितात तसं. किपलिंगच्या १८९०च्या कवितेने ते लोकप्रिय केलं. टॉमीगनशी त्याचा संबंध नाही. ती बंदूक थॉम्पसन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याच्या नावावरून ओळखली जाते.

१५. ‘ब्लाइट’ म्हणजे पिकावरचा रोग. ‘ब्लायटी’ त्यावरून नाही ना?

नाही. निव्वळ स्पेलिंगचं साम्य. ते कसं आलं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१६. ‘ब्लायटी’सारखे आणखी कोणते शब्द गेले?

पुष्कळ. ‘देखो’वरून डेको, म्हणजे एक नजर. ‘चौकी’वरून चोकी, म्हणजे तुरुंग. ‘बक्षीस’वरून बकशी, म्हणजे फुकटचं. ‘जल्दी’ तसाच. रोटीची ‘रूटी’ झाली आणि दीर्घ सेवेच्या पदकाला सैनिक ‘रूटी मेडल’ म्हणू लागले, इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली म्हणून. पायाला गुंडाळायची ‘पट्टी’ पहिल्या महायुद्धात जवळजवळ प्रत्येक ब्रिटिश सैनिकाच्या पोटरीवर होती. खाकी तर जगभर गेली. आरामाच्या कामाला ‘कुशी’ म्हणतात तो बहुतेकांच्या मते ‘खुशी’.

१७. ‘ब्लायटी’ म्हणणं अपमानकारक आहे का?

नाही, स्वतःच्या देशाला लाडाने ठेवलेलं नाव आहे. पण गोऱ्या सैनिकांनी ठेवलेली सगळी टोपणनावं अशी निरुपद्रवी नव्हती. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. त्यानंतर इंग्रज प्रत्येक बंडवाल्या शिपायाला ‘पँडी’ म्हणू लागले. एका माणसाचं आडनाव हजारोंवर शिवीसारखं चिकटवलं गेलं. ‘ब्लायटी’ची गोष्ट कौतुकाने सांगताना मी ‘पँडी’ची सांगितल्याशिवाय राहत नाही. दोन्ही शब्द त्याच बराकीतले.

१८. मराठीत अनुवाद करताना ‘ब्लायटी’ला काय लिहावं?

अनुवादकांकडून हा प्रश्न नेहमी येतो. ‘मायदेश’ लिहू नका. शब्द चांगला आहे, पण भाषणातला आहे, चिखलात उभा राहून कोणी तो म्हणणार नाही. टॉमीच्या तोंडी ‘ब्लायटी’च ठेवा. ‘पायाला लागली रे, ब्लायटी मिळाली!’ एवढ्या वाक्यात वाचकाला सगळं कळतं. जखमेचं नाव निवेदनात आलं तर ‘घरी धाडणारी जखम’ म्हणा.

‘विलायत’ टॉमीच्या तोंडी घालायचा मोह होतो, मलाही झाला आहे. मूळ शब्द तोच असला तरी मराठी वाचकाला त्यातून परकं गाव ऐकू येतं, आणि टॉमीला म्हणायचंय नेमकं उलट (प्रश्न ४). तो शब्द राखून ठेवा प्रश्न ९ मधल्या खाटेवरच्या माणसासाठी. तो घरी पत्र सांगून लिहवून घेत असेल, तर ‘मी विलायतेच्या इस्पितळात आहे, हात बरा आहे, काळजी करू नये’ एवढंच लिहा.